सर्पदंश आणि पायांचे संरक्षण

सर्पदंशाचा विचार बहुधा दंश झाल्यानंतरच्या उपचारांपासून सुरू होतो. प्रतिविष कोठे मिळेल, रोग्याला किती वेळात रुग्णालयात पोहोचविता येईल, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्या आधीचा एक प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. दंश ज्या अवयवाला होतो, त्यावर पुरेसे आवरण असते तर परिणाम किती टळला असता, हा तो प्रश्न होय. शेतात काम करताना किंवा डोंगर चढताना होणारे बहुसंख्य दंश पावलाला, घोट्याला अथवा पोटरीला होतात. धोक्याचे क्षेत्र अशा रीतीने मर्यादित असल्यामुळे त्याच्या संरक्षणाचा स्वतंत्र विचार करणे शक्य आहे.

या विचाराची निकड आकड्यांवरून स्पष्ट होईल. इ. स. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्यू पावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात व्यक्त करण्यात आला. हे प्रमाण वर्षाला सरासरी ५८,००० इतके पडते. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील असून सुमारे निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घडलेले आहेत. पेरणी, लावणी आणि निंदणी यांचा हाच काळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादीत केला, आणि भारत सरकारने २०२४ साली आखलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेविले आहे.

महाराष्ट्रात गंभीर दंशांना प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप कारणीभूत असतात. पायांच्या संरक्षणाच्या दृष्टीने त्यांच्या सवयींतील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. घोणस आणि फुरसे हे दोन्ही साप पळून जाण्यापेक्षा आपल्या रंगसंगतीवर विसंबून निश्चल पडून राहतात. घोणस गवतात वा बांधावर असते. फुरसे कोकणातील कातळावर, दगडांच्या आडोशाला आढळते. पाय जवळ पडताच ते झेप घेतात. फुरसे लहान चणीचे असल्यामुळे त्याचा दंश बहुधा पावलावर किंवा घोट्याजवळ होतो. मोठी घोणस पोटरीपर्यंत पोहोचू शकते. मण्यार मात्र निशाचर असून त्याचे अनेक बळी जमिनीवर झोपलेल्या अवस्थेत दंश झालेले असतात. तेथे पादत्राण निरुपयोगी ठरते. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हेच खरे संरक्षण होय.

आवरण नेमके काय करते, हे समजण्यासाठी दंशाची क्रिया पाहिली पाहिजे. सापाचा विषदंत पोकळ सुईसारखा असून विष बाहेर पडण्याचे छिद्र टोकाच्या किंचित वर असते. नाग आणि मण्यार यांचे विषदंत आखूड व स्थिर असतात. घोणस व फुरसे यांचे दात मिटणारे असून, मोठ्या घोणशीचे दात सुमारे दीड सेंटिमीटर लांबीचे असू शकतात. दात त्वचेखाली पुरेसा शिरला नाही, तर विष बाहेरच सांडते. म्हणून आवरणाने दात पूर्णपणे अडविलाच पाहिजे असे नाही. त्याने दाताची आत शिरणारी लांबी कमी केली, किंवा त्वचा आणि आवरण यांत पोकळी ठेविली, तरी शरीरात जाणाऱ्या विषाची मात्रा घटते.

या तत्त्वाला प्रयोगाचा आधार आहे. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तेथील खुळखुळ्या सापांना माणसाच्या अवयवाच्या प्रतिकृतीवर दंश करू दिला. प्रतिकृतीवर जाड डेनिमचे कापड चढविले असता आत गेलेले विष उघड्या प्रतिकृतीच्या मानाने सुमारे ६० ते ६६ टक्क्यांनी कमी भरले. हा निष्कर्ष घोणस किंवा फुरसे यांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तथापि साध्या कापडाचेही काही मोल असते, एवढे त्यावरून निश्चितपणे म्हणता येते.

यावरून पोशाखासंबंधी काही नियम निघतात. अंगाला घट्ट बसणाऱ्या विजारीपेक्षा जाड कापडाची सैल विजार अधिक हितावह होय. पादत्राण घोट्याच्या वर, शक्य तर पोटरीपर्यंत पोहोचणारे असावे. सैल बसणारा रबरी गमबूट पातळ असला तरी त्याच्या आतील पोकळीचा फायदा मिळतो. डोंगरात हिंडणाऱ्याने घोटा झाकणारे बूट आणि त्यांवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधावयाचे जाड, अनेक पदरी आवरण वापरावे. सह्याद्रीच्या दाट जंगलात मात्र चापडा हा साप झुडपांवर आणि फांद्यांवर बसलेला असतो. त्याचा दंश हाताला किंवा चेहऱ्यालाही होऊ शकतो आणि नेहमीचे बहुगुणी प्रतिविष त्याच्या विषाविरुद्ध तयार केलेले नसते. पाय झाकले म्हणून हात निष्काळजीपणे टाकून चालणार नाही.

तत्त्व एवढे सरळ असताना शेतमजुराचा पाय उघडा का राहतो? या प्रश्नाचे उत्तर प्राणिशास्त्रात सापडत नाही. ते कामाच्या स्वरूपात सापडते. भाताची लावणी गुडघाभर चिखलात होते. तेथे गमबूट प्रत्येक पावलाला रुततो, त्यात पाणी शिरते आणि वाकून काम करणाऱ्या स्त्रीची गती मंदावते. मजुरी कामाच्या उरकावर अवलंबून असेल, तर ती बूट काढून ठेवील, हे उघड आहे. म्यानमारमध्ये तौंगड्विंजी भागातील शेतकऱ्यांना संरक्षक बूट देऊन ते त्यांच्या पसंतीस कितपत उतरतात, याचा स्वतंत्र अभ्यास करावा लागला, यातच या अडचणीची कबुली आहे. जे वापरले जात नाही ते साधन कितीही उत्तम असले तरी संरक्षण करीत नाही.

म्हणून सर्व कामांना एकच उपाय सुचविण्याऐवजी कामांची विभागणी करणे योग्य ठरेल. लावणीत बूट अव्यवहार्य असला, तरी पाणी ओसरल्यानंतरच्या कापणीत तो सहज वापरता येतो. गवत कापणे, काजूच्या व आंब्याच्या बागेतील पाचोळा काढणे, बांध साफ करणे, ही कामे कोरड्या जमिनीवरची आहेत. रात्री वीज मिळते म्हणून अंधारात पिकाला पाणी देण्यास जाणाऱ्या शेतकऱ्याला तर बूट आणि विजेरी यांची सर्वांत अधिक गरज आहे. कापणीत विळ्याबरोबर हातही जमिनीलगत जातो, हे लक्षात घेऊन गवत आधी काठीने हलविण्याची सवय ठेवावी. जुनी घुंगूरकाठी या दृष्टीने निरर्थक नव्हती. सापाला बाह्यकर्ण नसला तरी जमिनीतील कंपने त्याला जबड्याच्या हाडांद्वारे जाणवतात. जमिनीवर आपटलेल्या काठीने नाग किंवा धामण दूर सरकू शकते. परंतु निश्चल राहणारी घोणस हालेलच, असा भरवसा धरता येत नाही. तेथे काठीची उणीव बुटानेच भरून काढावी लागते.

आवरण असूनही दंश झाल्यास ते उपचाराला पर्याय ठरत नाही. दात कापडातून गेला की नाही, याचा अंदाज घेत वेळ दवडू नये. दंशाच्या जागी चिरा देणे, विष चोखणे वा दोरी आवळून बांधणे हे सर्व हानिकारक होय. पाय हलू न देता रोग्याला तत्काळ प्रतिविषाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

सारांश, प्रतिविष हा अखेरचा तट आहे. पायावरील आवरण हा पहिला. पहिला तट स्वस्त असून त्याचे तत्त्व सुबोध आहे. मात्र तो कोणत्या कामात टिकेल आणि कोणत्या कामात गळून पडेल, हे बांधावर जाऊन, काम करणाऱ्यांना विचारूनच ठरविता येईल. प्राणिशास्त्र, वस्त्रविद्या आणि ग्रामीण अर्थशास्त्र या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांना एकत्र येण्यासारखे हे क्षेत्र आहे. चिखलात न रुतणारे, उन्हात न तापणारे आणि दिवसाच्या मजुरीत बसणारे पादत्राण सिद्ध झाले, तर अनेक दंशांचा विचार रुग्णालयात करण्याची वेळच येणार नाही.