कॅफीन कोणत्या दाराने गेलं?

आंबिया बहार फुटला की वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये वास नुसता भरून राहतो. प्रत्येक झाडावर मधमाश्यांची गर्दी. त्या कशाला येतात? मकरंदासाठी, हे शाळेतलं उत्तर. पण त्या मकरंदात साखरेखेरीज आणखी काय असतं, ठाऊक आहे? कॅफीन! कॉफीत असतं तेच.

२०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. कॉफीच्या आणि संत्रा-पपनसासारख्या लिंबूवर्गीय झाडांच्या मकरंदात कॅफीनचा अगदी पुसटसा अंश सापडला. असा अंश चाखलेल्या मधमाश्यांची परीक्षा घेतली, तेव्हा चोवीस तासांनंतरही फुलाचा वास आठवणाऱ्या माश्या तिपटीने जास्त निघाल्या. झाडाचा हिशेब बघा: मात्रा एवढी बेताची की माशीला कडू लागणार नाही आणि एवढी पुरेशी की तिला पुन्हा याच फुलाकडे यावंसं वाटेल!

कॉफीच्या झाडाची तर आणखी गंमत. फुलात जे आमिष, तेच पानात आणि बीमध्ये विष. तिथे कॅफीनचं प्रमाण इतकं चढं असतं की पानं कुरतडणाऱ्या किड्याला ते सोसत नाही. २०१४ मध्ये कॉफीचा जनुकीय नकाशा हाती आला, तेव्हा दिसलं की कॅफीन बनवण्याची कला कॉफीने आणि चहाने एकमेकांकडून घेतलेली नाही. दोघांनी ती स्वतंत्रपणे साधली. आणि सगळ्याच कॉफ्यांना ती हवी होती असंही नाही. कॅमेरूनच्या जंगलातली कॉफीची एक जात जन्मतःच कॅफीनशिवाय असते. तिची शास्त्रीय नोंद २००८ची.

आपल्याकडेही कॉफी आहे, हे वऱ्हाडाबाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेल्या चिखलदऱ्याला इंग्रजांनी कॉफी लावली, आणि ती तिथे रुजली. पीक थोडं, बागा छोट्या. पण पायथ्याच्या परतवाड्यात घाम पुसत गाडीत बसायचं आणि घाट चढून कॉफीच्या झाडाजवळ उतरायचं, हा प्रवास थोडक्या वेळाचाच आहे.

तर झाडाने एवढ्या खटपटीने तयार केलेलं हे रसायन आपण काढून का टाकायचं?

कारण आपला मेंदू. दिवसभर जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते ठरावीक जागांवर जाऊन बसलं की डोळे जड होतात. कॅफीनचा आकार ॲडेनोसिनशी इतका जुळतो की ते नेमक्या त्याच जागा अडवतं, पण झोपेचा निरोप मात्र देत नाही. थकवा जात नाही, थकव्याची बातमी थांबते! आणि हा पाहुणा लवकर उठत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपाचा अर्धा हिस्सा रात्री अकराला तुमच्यासोबत अंथरुणात असतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर पाचाचे पंधरा तास होऊ शकतात. ज्यांना चव हवी पण जागरण नको, त्यांच्यासाठी डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी.

आता खरा प्रश्न. अरेबिका कॉफीच्या बीमध्ये कॅफीन वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास, रोबस्टात त्याच्या जवळपास दुप्पट. दगडासारख्या टणक बीमधून एवढंच एक द्रव्य बाहेर काढायचं आणि बाकी साऱ्याला धक्का लावायचा नाही, हे जमतं कसं?

गोष्ट सुरू होते मांजरापासून. १८१९ साली जर्मनीत फ्रीडलीब रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने महाकवी गटेसमोर एक प्रयोग करून दाखवला. बेलाडोना ही आपल्या धोतऱ्याच्या कुळातली विषारी वनस्पती. तिच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्फारते, ते त्याने दाखवलं. गटे खूश झाला आणि बक्षीस म्हणून त्याने कॉफीच्या बियांची एक डबी रुंगेच्या हातात ठेवली: यांचंही पृथक्करण करून बघ. रुंगेने केलं, आणि कॅफीन सापडलं. एका कवीच्या कुतूहलापोटी!

ते सापडलं, पण बी शाबूत ठेवून काढता येईना. त्याला विसावं शतक उजाडलं. ब्रेमेनचा कॉफी व्यापारी लुडविग रोझेलिउस याच्याकडे प्रवासात समुद्राच्या पाण्याने भिजलेला माल आला, आणि त्या बियांतलं कॅफीन बरंच उतरलं असून चव मात्र टिकली आहे, असं त्याच्या लक्षात आलं, अशी कथा सांगतात. कथेत मीठमसाला असेलही. पण १९०६ मध्ये त्याची ‘काफे हाग’ कंपनी उभी राहिली, हे पक्कं. तो बिया वाफेने फुगवायचा आणि मग बेंझीनने धुवायचा. बेंझीनने कर्करोग होतो, हे पुढे कळलं आणि ती रीत इतिहासजमा झाली.

इथे थोडं थांबा, कारण सगळ्या युक्तीचं मर्म पुढच्या गोष्टीत आहे. कॅफीन काढतात ते भाजलेल्या कॉफीतून नाही, कच्च्या हिरव्या बीमधून. कच्ची बी हुंगून पाहिलीत तर कॉफीचा वास जवळजवळ येतच नाही. तो शेकडो सुगंधी द्रव्यांचा दरवळ भट्टीत, भाजताना जन्माला येतो. म्हणजे कॅफीन निघून जातं तेव्हा सुगंध अजून जन्मलेलाच नसतो! फक्त त्याचा कच्चा माल सांभाळायचा.

तो सांभाळण्याचे रस्ते तीन.

पहिला, द्रावकाचा. डायक्लोरोमिथेन किंवा इथाइल ॲसिटेट. नाव ऐकूनच लोक पाकीट खाली ठेवतात. जरा दमानं घ्या. आपल्या घरातलं सोयाबीनचं रिफाइंड तेल कुठून येतं? सॉल्व्हंट प्लांटमधून. तिथे हेक्झेन नावाच्या द्रावकाने तेल उतरवतात आणि मग तापवून हेक्झेन उडवून लावतात. कॉफीतही तत्त्व तेच. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं. अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर ठेवलं तर शेगडी न पेटवता उकळेल! मग २०० अंशांच्या वर जाणाऱ्या भट्टीत ते किती उरणार? तरी अमेरिकेत भाजलेल्या डिकॅफमध्ये दहा लाखांत १० भाग, ही कमाल मर्यादा आहेच. इथाइल ॲसिटेट पिकलेल्या फळांतही असतं आणि ते उसाच्या मळीपासून निघालेल्या अल्कोहोलपासून बनवता येतं. कोलंबियातली उसाची डिकॅफ म्हणतात ती हीच. हिला एक गोडसर, फळासारखी झाक असते.

दुसरा रस्ता निव्वळ पाण्याचा, आणि मला सर्वांत हुशार वाटतो तो हाच. अडचण उघड आहे: गरम पाणी कॅफीन ओढून घेतं, पण चवही ओढतं. मग? बियांची पहिली खेप बळी द्यायची. तिच्यातलं सगळं पाण्यात उतरू द्यायचं आणि ते पाणी कोळशाच्या गाळणीतून असं काढायचं की फक्त कॅफीन अडकेल. आता हे पाणी चवीच्या द्रव्यांनी काठोकाठ भरलेलं, कॅफीन मात्र शून्य. त्यात नव्या बिया घाला. अमरावतीहून परतवाड्याला निघालेली एसटी कल्पा. सगळी बाकं चवीच्या प्रवाशांनी आधीच धरलेली, रिकामी आहेत ती फक्त कॅफीनच्या नावाची. नव्या बीमधून मग कोण चढणार? एकटं कॅफीन! ही कल्पना १९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये निघाली. तिचा मोठा कारखाना आज कॅनडात आहे.

तिसरा रस्ता वायूचा. गोटी सोड्यात फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड. ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली तो ना धड वायू राहतो ना द्रव. वायूसारखा बीच्या कणाकणात शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. २०२४च्या मे महिन्यात उन्हामुळे अकोल्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. म्हणजे तापमानाची अट आपल्याकडे हवाच पुरी करते, कमी पडतो तो दाब. प्रत्यक्ष कारखान्यात दोन्ही यापेक्षा बरेच चढे ठेवतात. १९६०च्या दशकात जर्मनीत कुर्ट झोझेल दुसऱ्याच रसायनांवर काम करत असताना त्याला या अवस्थेची ताकद दिसली. हा वायू ओल्या बियांतून कॅफीन उचलतो, साखर आणि प्रथिनं जागच्या जागी सोडतो. बी कोरडी असेल तर मात्र कॅफीन जागचं हलत नाही.

आणि निघालेलं कॅफीन? ते फेकत नाहीत. औषधांच्या आणि थंड पेयांच्या कारखान्यांत त्याला भाव येतो. तुमच्या झोपेसाठी काढलेलं कॅफीन दुसऱ्या कुणाला जागं ठेवतं!

आता खरेदी. पाकिटावर पहिलं शोधा ते पद्धतीचं नाव: पाणी, कार्बन डायऑक्साइड, ऊस. ज्याने चांगली पद्धत वापरली तो ती अभिमानाने छापतो. दुसरी पाहा भाजल्याची तारीख. कॅफीन काढताना बी फुगते, सुकते, तिची वीण सैल होते. म्हणून डिकॅफ साध्या कॉफीपेक्षा लवकर शिळी होते. पावकिलो एकदम घेऊ नका, पंधरा दिवसांत संपेल एवढीच घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसच्या ओट्यापासून लांब ठेवा. रंगाने फसू नका; कच्ची असतानाच ही बी तपकिरी झालेली असते, त्यामुळे मध्यम भाजलेलीही काळपट दिसते. इन्स्टंट पूड सोयीची खरी, पण ती आटवलेला अर्क असते: युरोपात भाजलेल्या डिकॅफला ०.१ टक्का कॅफीनची मुभा, इन्स्टंटला ०.३ टक्के. अर्थात कपात पडते ती जेमतेम चमचाभर. साध्या कपात शंभरेक मिलिग्रॅम धरलं तर डिकॅफच्या कपात सहसा दोन ते पंधरा मिलिग्रॅम. अगदी शून्य नाही, हे लक्षात असू द्या. आणि ॲसिडिटीवर हा उतारा नव्हे. पोटातलं आम्ल डिकॅफनेही वाढू शकतं.

बनवताना कंजूषपणा नको. पंधरा ग्रॅम पुडीला सव्वादोनशे मिलिलिटर पाणी, उकळी येऊन अर्धा मिनिट झालेलं. फ्रेंच प्रेसमध्ये चार मिनिटं, नाहीतर आपला दाक्षिणात्य फिल्टर. पण चिकोरीची भेसळ पाकिटावर वाचून घ्या. तिच्यात कॅफीन नसतं, कॉफीही नसते. आणि पाणी! कपात अठ्ठ्याण्णव टक्के तेच असतं. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर बोअरच्या पाण्यात महागडी डिकॅफ घालणं म्हणजे पैसे पूर्णा नदीत सोडणं. रोझेलिउसला खारं पाणी पावलं, तुम्हाला पावणार नाही. शुद्ध केलेलंच वापरा.

पहिला घोट बिनदुधाचा, बिनसाखरेचा घ्या, म्हणजे पैसे कशाचे दिले ते कळेल. मग हवं तर दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ. पाकिटावर पद्धतीचं नाव नसेल तर दुकानदाराला विचारा. त्यालाही सांगता आलं नाही, तर ते पाकीट घेऊ नका.