एसीचा गॅस : अंदाजाने नव्हे, तोलून भरा

खालापूर तालुक्यातून जुना मुंबई-पुणे महामार्ग जातो आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही जातो. कर्जत तालुक्यात नेरळमार्गे माथेरानचे पर्यटक येतात. त्यामुळे या भागात मोटार दुरुस्तीच्या धंद्याला मरण नाही. उन्हाळा लागला आणि बोरघाटाची चढण समोर आली की गाडीवाल्याची मागणी एकच असते, "उस्ताद, एसी गार करत नाही, गॅस भरून द्या."

येथेच कारागिराच्या इमानदारीची कसोटी लागते. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, हे खरे. पण दर उन्हाळ्यात गॅस कमी पडत असेल तर कोठेतरी गळती आहे, हे नक्की. कॉम्प्रेसरचे सील, सांध्यांतील रबरी रिंगा, भरण्याच्या तोंडाचा व्हॉल्व्ह आणि रस्त्यावरील खडी लागून भोक पडलेला कंडेन्सर, ही गळतीची नेहमीची ठिकाणे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतून पैसे घेणे होय.

दुसरी चूक मापाची. अनेक ठिकाणी केवळ गेजचा काटा पाहून गॅस भरतात. परंतु एसी बंद असताना काट्यावर दिसणारा दाब गॅसच्या वजनावर अवलंबून नसतो. आत थोडाही द्रवरूप गॅस असला तर ३५ अंश तापमानात आर-१३४ए चा दाब सुमारे ११५ पौंडच दिसेल, मग आत २०० ग्रॅम असो वा ५०० ग्रॅम! एसी चालू असतानाही बाहेरची उष्णता व इंजिनाचा वेग यांप्रमाणे काटा हलतो. म्हणून बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले वजन पाहावे आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून तेवढाच गॅस सोडावा. कमी भरला तर गारवा येत नाही. जास्त भरला तर दाब वाढून कॉम्प्रेसर खराब होतो.

योग्य क्रम असा : जुना गॅस यंत्राने काढून घ्यावा, नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती तपासावी, ती दुरुस्त करावी, मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवावा. आत ओलावा राहिला तर तो गोठून वाट अडवतो आणि तेलात मिसळून आम्ल तयार करतो. विजेवरील गाड्यांत नेहमीचे पॅग तेल घालू नये. कंपनीने सांगितलेलेच तेल वापरावे.

गॅस हवेत सोडणे हाही अपराधच समजावा. ओझोनला घातक असलेला आर-१२ हा गॅस १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हटवण्यात आला व आर-१३४ए आला. तो ओझोनला इजा करीत नाही. पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट प्रभावी आहे. असे गॅस कमी करण्यासाठी २०१६ साली किगाली येथे दुरुस्ती करार झाला व भारताने २०२१ मध्ये त्यास मान्यता दिली. नव्या गाड्यांतील आर-१२३४वायएफ काहीसा ज्वालाग्राही आहे. म्हणून एकाच्या जागी दुसरा भरू नये.

गॅस काढण्या-भरण्याचे यंत्र महाग वाटत असेल तर व्याजाचे कर्ज काढण्यापेक्षा दोन-तीन गॅरेजवाल्यांनी भागीदारीत घ्यावे. वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप मात्र प्रत्येकाकडे हवाच.

पवित्र कुरआनातील ८३ वी सूरह, अल-मुतफ्फिफीन, मापात घट करणाऱ्यांना कडक इशारा देते. तो केवळ धान्याच्या दुकानदारासाठी नाही. डोळ्यांना न दिसणारा गॅस विकणाऱ्यालाही तो तितकाच लागू आहे, किंबहुना अधिकच. कारण येथे गिऱ्हाईक माल पाहू शकत नाही, फक्त भरवसा ठेवू शकतो. गॅसचे ग्रॅम आणि गळतीचे ठिकाण पावतीवर लिहून देणारा तरुण कारागीर हंगामात चार गिऱ्हाइके कमी करील, पण वर्षभराचे गिऱ्हाईक जोडील.