प्रोलीनची पट्टी किती सरळ?

रेणूंमधलं अंतर मोजायचं तर पट्टीही रेणूएवढीच लहान हवी. १९६७ साली लुबर्ट स्ट्रायर आणि रिचर्ड हॉगलंड या दोघांनी ती बनवली. प्रोलीन नावाच्या अमिनो आम्लाचे एकापासून बारापर्यंत दुवे जोडून त्यांनी साखळ्या तयार केल्या आणि प्रत्येकीच्या दोन टोकांना दोन वेगळे चमकणारे रेणू लावले. एका टोकाने शोषलेली प्रकाशऊर्जा दुसऱ्या टोकापर्यंत किती पोचते, हे ते मोजत होते. अंतर दुप्पट झालं की ऊर्जा पोचण्याचा वेग चौसष्टपटीने घटतो, असं सूत्र थिओडोर फॉर्स्टर यांनी आधीच मांडलं होतं. ते खरं ठरवण्यासाठी अंतर नक्की ठाऊक असलेली साखळी लागणार होती.

वीस अमिनो आम्लं हाताशी असताना निवड प्रोलीनची झाली, कारण इतरांची छोटी साखळी, म्हणजे पेप्टाइड, पाण्यात कधी स्वस्थ बसत नाही. तिच्या प्रत्येक दुव्याला दोन ठिकाणी फिरायची मुभा असते. अशी आठदहा आम्लं जोडली, की साखळी क्षणाक्षणाला नवा आकार घेते. प्रोलीनमध्ये मात्र यातली एक जागा जाम असते. इतर अमिनो आम्लांचा बाजूचा गट साखळीपासून दूर लोंबत असतो; प्रोलीनचा गट, कुणी हात मागे नेऊन स्वतःचाच पट्टा धरावा तसा, उलटा वळून साखळीतल्या नायट्रोजनलाच चिकटतो. पाच अणूंचं कडं तयार होतं आणि त्या जागेचा कोन उणे ६५ अंशांच्या आसपास अडकून राहतो. मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये या दोन जागांच्या शक्य कोनांचा जो प्रसिद्ध आलेख मांडला, त्यावर ग्लायसीनला ऐसपैस मैदान मिळतं आणि प्रोलीनला एक अरुंद पट्टा.

या कड्यापायी आणखी एक गोष्ट जाते. साखळीत बसल्यावर प्रोलीनच्या नायट्रोजनवर हायड्रोजन उरत नाही. प्रथिनांमधली नेहमीची सर्पिल रचना हायड्रोजन बंधांवर उभी असते, त्यामुळे तिच्या मधोमध प्रोलीन आलं, की तिथे बाक येतो. नुसत्या प्रोलीनची साखळी मात्र स्वतःचं वेगळं सर्पिल घडवते: डावीकडे वळणारं, तीन दुव्यांना एक वेढा, दर दुव्यामागे सुमारे ०.३१ नॅनोमीटर लांबी. स्ट्रायर यांना हवी होती ती हीच पट्टी.

पुढे बाझल विद्यापीठात फांग हुआंग आणि वेर्नर नाऊ यांनी ही ताठरता वेगळ्या रीतीने तपासली. पेप्टाइडच्या एका टोकाला दीर्घकाळ चमकणारा रेणू, दुसऱ्या टोकाला ती चमक विझवणारं ट्रिप्टोफॅन. टोकं एकमेकांवर आपटली, की चमक विझणार. ग्लायसीन आणि सेरीन यांच्या साखळ्यांमध्ये अशा धडका सेकंदाला कोटींच्या घरात होतात. त्यांनी २००३ साली लावलेल्या लवचीकतेच्या क्रमवारीत प्रोलीन अगदी तळाला होतं.

इथवर गोष्ट सरळ आहे. मला खरा रस आहे तो पुढच्या भागात, कारण प्रोलीनला नुसतं ताठर म्हणून सोडून दिलं, की त्याची दुसरी हालचाल नजरेतून निसटते.

दोन अमिनो आम्लांना जोडणारा बंध स्वतः सपाट असतो आणि सहसा ‘ट्रान्स’ मांडणीत राहतो, म्हणजे साखळी त्याच्या विरुद्ध बाजूंनी पुढे जाते. उलटी ‘सिस’ मांडणी इतर आम्लांत हजारात एखादी. प्रोलीनआधीच्या बंधाला दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच गर्दी सोसावी लागते, त्यामुळे छोट्या पेप्टाइडमध्ये सिसचं प्रमाण १० ते ३० टक्क्यांपर्यंत जातं. पण एका मांडणीतून दुसरीत जायला मोलमागे सुमारे ८० किलोज्यूलचा चढ पार करावा लागतो. साखळीच्या बाकी हालचाली नॅनोसेकंदांत उरकतात. ही उलथापालथ काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ घेते. शिवाय ती झाली, की साखळीला कोपर फुटतं. बाझलमध्येच थॉमस कीफहाबर यांच्या गटाने २००५ साली दाखवलं, की बंध सिस असताना टोकं एकमेकांना जास्त लवकर भेटतात.

त्याच वर्षी स्ट्रायर यांची पट्टी पुन्हा मोजली गेली, या वेळी एकेक रेणू वेगळा पाहून. लांब साखळ्यांची टोकं हिशेबापेक्षा जवळ आढळली. मधले काही बंध सिस झालेले असतात आणि पट्टी तिथे वाकते, हे नंतर स्पष्ट झालं.

या संथपणाची झळ प्रथिनांनाही बसते. उलगडलेलं रायबोन्यूक्लिएज पुन्हा घडी घालताना त्यातले काही रेणू लगेच जमतात, बाकीचे रेंगाळतात. कारण चुकीच्या बाजूला वळलेलं प्रोलीन, असा कयास जॉन ब्रँड्ट्स यांच्या गटाने १९७५ मध्ये मांडला. पेशीला एवढं थांबून कसं चालेल? गुंटर फिशर यांच्या गटाला १९८४ साली नेमका हाच बंध फिरवणारं विकर सापडलं. १९८९ मध्ये कळलं, की अवयव प्रत्यारोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिन ज्या प्रथिनाला चिकटतं, ते हेच विकर! (औषधाचा गुण मात्र विकर बंद पडल्याने येत नाही. औषध आणि विकर यांची जोडी मिळून कॅल्सिन्यूरिन नावाच्या दुसऱ्याच विकराला अडवते.)

रक्तदाबावरच्या एनालाप्रिलमध्येही एक प्रोलीन आहे. त्याची शुद्धता क्रोमॅटोग्राफीने तपासताना कधी एकाऐवजी दोन शिखरं उमटतात, किंवा एकच पसरट, मध्ये दबलेलं. नवख्याला वाटतं, माल अशुद्ध आहे. प्रत्यक्षात रेणू एकच असतो. त्याची सिस आणि ट्रान्स रूपं स्तंभातून वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकतात आणि त्या अवधीत एकमेकांत पुरेशी बदलत नाहीत. म्हणून विश्लेषक स्तंभ तापवतो. उष्णतेने अदलाबदल वेगावते आणि दोन्ही शिखरं एकात मिसळतात.