सामाईक कपाट आणि त्याच्या किल्ल्या

आमच्या शाळेच्या कचेरीत दोन कपाटे आहेत. एक पोलादी, त्याची किल्ली कोणाजवळ असते हे सर्वांस ठाऊक आहे. दुसरे डोळ्यांना दिसत नाही. ते कोपऱ्यातील सर्व्हर नावाच्या यंत्रात असून शिक्षकांच्या खोलीतून, प्रयोगशाळेतून व ग्रंथालयातून, नेटवर्कच्या तारेने जोडलेल्या कोणत्याही संगणकावरून उघडता येते. ह्यालाच सामाईक ड्राइव्ह म्हणतात. त्यात स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आहेत, गुणपत्रके आहेत, शिष्यवृत्तीच्या अर्जांसोबत आलेले उत्पन्नाचे दाखले आहेत. छायाचित्रे सर्वांनी हौसेने पाहावीत. पण शेजारी बसणाऱ्या मुलाच्या वडिलांची मिळकत किती, हे साऱ्या वर्गाला कळण्याचे काय कारण? हा भेद यंत्राला आपोआप समजत नाही. तो त्यास सांगावा लागतो, आणि त्या सांगण्यालाच फाइलींच्या परवानग्या ठरविणे असे म्हणतात.

एकाच यंत्रात अनेकांनी आपापले कागद ठेवावयाचे, हा प्रघात जुना आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. ह्या संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांचे सहकारी ह्यांनी १९६१ साली सी. टी. एस. एस. ही प्रणाली प्रथम चालवून दाखविली. प्रत्येकास परवलीचा शब्द असे आणि यंत्रावर येताच त्या दिवसाची सूचना छापून मिळे. एके दिवशी सूचनेच्या जागी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून येऊ लागली! कुलूप कोणी फोडले नव्हते. व्यवस्था पाहणारे दोघे जण एकाच वेळी, एकाच सामाईक जागेत काम करीत होते. एक सूचना सुधारीत होता, दुसरा यादी. सुधारणा करण्याचा प्रोग्रॅम कच्च्या प्रतीला दर वेळी एकच नाव देई. त्यामुळे दोन प्रतींची अदलाबदल झाली. ज्या जागेत एका वेळी एकानेच वावरावे अशी मूळची योजना होती, तेथे पुढे दोघांना वाव दिला गेला, एवढेच काय ते घडले होते.

तेव्हा ओळख पटणे ही एक गोष्ट आणि अधिकार असणे ही दुसरी. परवलीचा शब्द 'तू कोण?' ह्या प्रश्नाचे उत्तर देतो. 'तुला काय करता येईल?' ह्याचे उत्तर परवानगी देते.

हे उत्तर लिहिण्याची फार सुटसुटीत रीत युनिक्स प्रणालीत आहे. केन टॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून ती घडविली. तिच्या प्रचलित रूपात प्रत्येक फाइलीच्या दृष्टीने माणसांचे तीन वर्ग पडतात: मालक, त्याचा गट आणि इतर. वाचण्याला ४, लिहिण्याला २ आणि चालविण्याला १ असे अंक दिलेले आहेत. गणिताची आवड असणाऱ्यांनी पाहावे की, हे अंक कसेही मिळवले तरी बेरजेवरून घटक अचूक ओळखता येतात. ५ म्हणजे ४ आणि १, दुसरे काही असूच शकत नाही. म्हणून ६४० एवढे लिहिले की मालकाने वाचावे व लिहावे, गटाने नुसते वाचावे आणि इतरांनी हातही लावू नये, असा सबंध हुकूम तीन अंकांत मावतो.

फोल्डराच्या बाबतीत मात्र पुष्कळ जाणते लोकही फसतात. फोल्डर म्हणजे खोली, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती एक नोंदवही आहे. फाइल पुसणे म्हणजे त्या वहीतून एक नाव खोडणे. अर्थात ज्याला वहीत लिहिण्याची मुभा आहे, तो फाइल वाचण्याचा अधिकार नसतानाही ती नाहीशी करू शकतो! गुणपत्रकाची फाइल कडेकोट बंद केली आणि ती ज्या फोल्डरात आहे तो सर्वांना लिहिण्यास मोकळा ठेवला, तर त्या बंदोबस्ताचा उपयोग काय? ह्यावर तोड म्हणून फोल्डराला स्टिकी बिट नावाची एक खूण लावता येते. मग फाइलीच्या किंवा फोल्डराच्या मालकाखेरीज इतर सामान्य माणसांस ते नाव खोडता येत नाही. फोल्डरापुरता १ ह्या अंकाचा अर्थही बदलतो. तेथे तो ओलांडून जाण्याची परवानगी दर्शवितो. आमच्याकडील जुन्या घरांत माजघर ओलांडू दिले नाही तर देवघराचे दार उघडे असूनही उपयोग नसतो, तसेच हे.

विंडोजमध्ये प्रकार थोडा निराळा आहे. १९९३ साली विंडोज एन. टी. बरोबर आलेल्या पद्धतीत प्रत्येक फाइलीपाशी अधिकारांची यादी असते. शिवाय नेटवर्कवरून येणाऱ्यास दोन दारे लागतात: एक सामाईक ड्राइव्हचे, दुसरे फोल्डराचे. दोहोंपैकी ज्याची सवलत कमी, तेच खरे धरले जाते.

यादीत व्यक्तीचे नाव घालू नये, गटाचे घालावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. शिक्षकांची बदली होते, कारकून निवृत्त होतात. परंतु 'दहावीचे परीक्षक' हा गट राहतो. गटातून एक नाव काढले की पन्नास फोल्डरांची दारे एकदम लागतात. साल्ट्झर व श्रोडर ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९७५ साली लिहिलेल्या निबंधात, प्रत्येकास कामापुरताच अधिकार असावा, हे तत्त्व मांडलेले आहे. ह्यात कोणावर अविश्वास नाही. एखाद्याच्या संगणकात घातक प्रोग्रॅम शिरला, तर तो बहुधा त्या माणसाच्याच अधिकाराने वावरतो. अधिकार थोडा, तर नासाडीही थोडी. 'सर्वांना सर्व अधिकार' हा हुकूम देण्यास सोपा खरा, पण तो निस्तरण्यास फार दिवस लागतात.

आता थोडे ह्या वार्षिकाविषयी. लेख स्वीकारण्यासाठी युनिक्सच्या रीतीने पोस्टाच्या पेटीसारखा फोल्डर करता येतो. त्यास ७५३ हे अंक व स्टिकी बिट द्यावे. मालक शिक्षकांस सर्व अधिकार, संपादक मंडळाच्या गटास यादी पाहण्याची मोकळीक, आणि विद्यार्थ्यांस ३, म्हणजे लेख आत टाकता येईल, पण आत कोणाचे काय आहे ते दिसणार नाही. एक फट मात्र राहते. फाइलीचे नेमके नाव कोणी ओळखले आणि ती फाइल वाचण्यास सर्वांना मोकळी असली, तर ती उघडता येते. म्हणून आपल्या फाइलीला 'निबंध' किंवा 'माझी कविता' असले नाव देऊ नये.