रिदिम एक, गळे अनेक

जमैकातल्या किंग्स्टनच्या स्टुडिओंत पुष्कळदा गाण्याआधी साथ तयार होते. बास, ड्रम आणि कीबोर्ड यांच्या या बांधणीला तिथे 'रिदिम' म्हणतात. ती जमली की निर्माता एकेका गायकाला बोलावतो आणि प्रत्येक जण तिच्यावर स्वतःचे शब्द, स्वतःची चाल चढवतो. अशी गाणी एकत्र केली की झाला 'वन रिदिम' अल्बम. आपल्याकडे एकाच चालीवर कितीतरी अभंग म्हटले जातात. रिदिमच्या बाबतीत चाल बदलत राहते, खालची साथ मात्र जागची हलत नाही.

या प्रकारातला पहिला अल्बम म्हणून रुपी एडवर्ड्सच्या १९७४ सालच्या 'यामाहा स्कँक'चं नाव घेतलं जातं. कल्पना त्याआधीच रुजली होती. साठच्या दशकाअखेरीस रेकॉर्डच्या मागच्या बाजूला तेच गाणं आवाजाविना छापलं जाऊ लागलं आणि साउंड सिस्टिमच्या, म्हणजे मोठ्या स्पीकरवर रेकॉर्ड वाजवणाऱ्या मंडळींच्या, नाचात त्यावर डीजे बोलू लागले. पैशाचं गणितही होतंच: वादकांना एकदा मेहनताना द्यायचा आणि गाणी हवी तितकी काढायची.

मला विचाराल तर ऐकायची सुरुवात 'दिवाली'पासून करावी. हो, नाव आपल्याच सणाचं. स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनने बांधलेल्या या रिदिमचा अल्बम लंडनच्या ग्रीनस्लीव्ह्ज कंपनीने २००२ साली काढला. या रिदिमचा प्राण टाळ्यांत आहे. सरळ मात्रेवर न पडता त्या आडून, तिरक्या येतात आणि पाय आपोआप हलू लागतात. याच टाळ्यांवर शॉन पॉल 'गेट बिझी'त नाचायला हाकारतो. २००३ मध्ये ते गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. वेन वंडर 'नो लेटिंग गो'त मऊ आवाजात प्रेम आळवतो, तर बाउंटी किलर घोगऱ्या, दमदार आवाजात 'सफरर' म्हणून गरिबाचे हाल मांडतो. तीन गाणी, तीन मनःस्थिती, टाळ्या त्याच. एकच साथ म्हणून एकसुरीपणाचा आरोप करणाऱ्यांनी ही तिन्ही सलग ऐकावीत.

या पद्धतीत खरा अन्याय झाला तो वादकांवर. किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये साउंड डायमेन्शन या वाद्यवृंदाने १९६७ साली वाजवलेली 'रिअल रॉक' ही रिदिम पुढे शेकडो गाण्यांखाली वाजली. पण त्या काळच्या वादकांच्या हाती बहुतेकदा त्या दिवसाच्या मजुरीपलीकडे काही पडत नसे. जमैकाचा आधुनिक कॉपीराइट कायदा आला तो १९९३ साली. ज्या अल्बमात प्रत्येक गाण्यात हजर असतात ते फक्त वादक, तिथेच त्यांची नावं सर्वांत बारीक अक्षरांत छापली जावीत, हे मला खटकतं.

म्हणून 'दिवाली' दोनदा ऐका. पहिल्यांदा गायकांसाठी, दुसऱ्यांदा आवाज बाजूला ठेवून फक्त टाळ्यांचा माग काढा आणि लेंकी मार्सडेन हे नाव लक्षात ठेवा.