हाड जोडणारा डॉक्टर

मोर्शीकडे संत्र्याचा तोडा सुरू झाला की शिड्या निघतात. कोणी शिडीवरून घसरतो, हात टेकतो अन् मनगट मोडते. कोणी फटफटीवरून पडतो. लगेच शेजारी म्हणतात, "हाडवैद्याकडे न्या. कामट्या बांधून देईल."

जुन्या हाडवैद्यांच्या हातात कसब होते. ते आम्ही नाकारत नाही. पण मोडलेला हात सुजतो. वरून पट्टी करकचून बांधली तर रक्त अडते. रक्तावाचून सहा तास गेले की मांस मरू लागते. बोटे गार पडतात, बधिर होतात, मग काळी पडतात. हाड जुळायचे राहिले बाजूला, हातच जातो!

अपघाताच्या डॉक्टराला हेच आधी शिकवतात. हाडाकडे तो नंतर पाहतो. श्वास नीट चालतो का? रक्त कुठे जाते? मांडीचे हाड मोडले तर लिटरभर रक्त आतल्या आत साठू शकते. बाहेर थेंब दिसत नाही.

हे शिकायला वर्षे किती लागतात? बारावीनंतर प्रवेशपरीक्षा. पास झाला तर साडेचार वर्षे एम.बी.बी.एस., वर एक वर्ष इस्पितळात उमेदवारी. पुन्हा परीक्षा. मग फक्त हाडांचे शिक्षण, तीन वर्षे. झाली की नाही साडेआठ! वऱ्हाडातल्या मुलामुलींना फार लांब जायला नको. वैद्यकीय महाविद्यालये अमरावतीस आहेत, अकोल्यास आहेत. नागपूरचे सरकारी महाविद्यालय तर १९४७ पासूनचे.

शेवटची तीन वर्षे कष्टाची. जखमी माणूस वेळ पाहून येत नाही. रात्री दोनला उठावे लागते. आधी प्लास्टर घालायला शिकायचे, मग हाड जागी बसवायला. थोरल्या डॉक्टरांच्या बाजूला उभे राहून पाहायचे, मग त्यांच्या देखत स्वतः करायचे.

हाडाच्या पोकळीत लांब सळई घालण्याची रीत जर्मनीच्या क्युंचर नावाच्या डॉक्टराने १९३९ साली सुरू केली. त्याआधी मांडी मोडलेला माणूस पायाला वजन टांगून महिनोन्‌महिने खाटेवर पडून राही. आता पुष्कळदा थोड्याच दिवसांत कुबड्या घेऊन उभा राहतो. शेतकऱ्याचा हंगाम वाचतो, बाप्पा!

शिकून झाल्यावर कोणी सरकारी दवाखान्यात जातो, कोणी स्वतःचा काढतो. पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी १९६५ साली हाडांचे रुग्णालय काढले. २०१२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

पण हा डॉक्टर भेटेपर्यंत जखमी आपल्याच हाती असतो. मोडलेला अवयव ओढू नका, चोळू नका. खाली फळी ठेवून सैल बांधा. बोटे उघडी ठेवा, गार पडतात का पाहत राहा. १०८ क्रमांकावर फोन करा. गाडीचे पैसे पडत नाहीत. अन् पडलेल्याला धीर यावा म्हणून चहा पाजू नका. भूल द्यायला पोट रिकामे लागते. एका कपापायी ऑपरेशन काही तास लांबते.