शिक्षकांची नोंदवही

नोकरी आणि व्यवसाय यांत एक मूलभूत भेद आहे. नोकरी मालक देतो व नियमांना धरून तोच ती काढूनही घेऊ शकतो. व्यवसायात प्रवेश देण्याचा अधिकार मात्र समाजाने कायद्याच्या द्वारे एखाद्या परिषदेकडे सोपविलेला असतो. डॉक्टर सरकारी रुग्णालयात नोकरीला असो वा स्वतःचा दवाखाना चालवीत असो, त्याचे नाव वैद्यकीय नोंदवहीत असावेच लागते. ब्रिटनमध्ये १८५८ च्या कायद्याने अशी नोंदवही सुरू झाली. भारतात परिचारिकांसाठी १९४७ साली, तर वकिलांसाठी १९६१ साली परिषदांचे कायदे झाले. नोंदवहीतून नाव कमी झाले की त्या माणसाला देशात कोठेही तो व्यवसाय करता येत नाही, मग त्याला कामावर ठेवण्यास कोणी कितीही राजी असो.

शाळेतील शिक्षकाच्या बाबतीत अशी नोंदवही असावी की नाही, हा प्रश्न अनेक देशांत दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. मूल दिवसातील चार-सहा तास ज्याच्या स्वाधीन असते, त्याच्या योग्यतेची हमी कोणी द्यावी? शाळेने, शासनाने, की शिक्षकांच्या व्यवसायाने? भारतात या प्रश्नाला एकाच वेळी दोन निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत, आणि त्यांतील विसंगती समजून घेण्याजोगी आहे.

पात्रता, नेमणूक आणि नोंदणी

या तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. पात्रता म्हणजे पदवी, पदविका किंवा परीक्षेतील यश. एकदा मिळविली की ती आयुष्यभर टिकते. पुढे त्या माणसाचे वर्तन कसेही असले तरी विद्यापीठ सहसा पदवी परत घेत नाही. नेमणूक म्हणजे विशिष्ट शाळेत विशिष्ट पदावर केलेली निवड. ती त्या शाळेपुरती किंवा त्या जिल्हा परिषदेपुरती असते. नोंदणी या दोहोंहून वेगळी होय. पात्रतेची खातरजमा झाल्यावर सार्वजनिक वहीत नाव घातले जाते. ते तेथे टिकवून ठेवण्यासाठी व्यक्तीला आचारसंहिता पाळावी लागते, पुष्कळ ठिकाणी ठरावीक मुदतीने आपले ज्ञान अद्ययावत केल्याचे दाखवावे लागते, आणि गंभीर गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते नाव काढले जाते.

या भेदाचा व्यावहारिक अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. विद्यार्थ्यांना अमानुष मारहाण केल्यामुळे एका शिक्षकाला एखाद्या खाजगी शाळेने काढून टाकले, किंवा बोभाटा नको म्हणून त्याच्याकडून राजीनामा घेतला, असे समजा. त्याची पदवी शाबूत आहे. दोनशे मैलांवरील दुसऱ्या शाळेत तो अर्ज करतो. तेथील चालकांना पदवी दिसते, अनुभवाचा दाखला दिसतो. मागील प्रकरण दिसत नाही. नोंदवही असती तर पहिल्या शाळेची तक्रार परिषदेकडे गेली असती, चौकशी झाली असती आणि तिचा निष्कर्ष दुसऱ्या शाळेला पाहता आला असता. एका शाळेला जे ठाऊक आहे ते सर्व शाळांना कळावे, हे नोंदवहीचे पहिले प्रयोजन आहे.

सर्वसाधारण शिक्षक

भारतातील सर्वसाधारण शाळांच्या शिक्षकांबाबत कायद्याने मुख्यतः पात्रतेवर भर दिलेला आहे. १९७३ साली केवळ सल्लागार मंडळ म्हणून स्थापन झालेल्या राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला १९९३ च्या कायद्याने वैधानिक स्वरूप मिळाले व १९९५ पासून तिचे काम त्या नात्याने सुरू झाले. अध्यापक महाविद्यालयांना मान्यता देणे, अभ्यासक्रमांचे निकष ठरविणे ही या परिषदेची कामे. शिक्षकांची नोंदवही ठेवणे हे काम तिच्याकडे सोपविले गेले नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २३ व्या कलमानुसार पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान पात्रता ठरविण्यात आली, आणि २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक झाली. अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळविण्यासाठी दिलेली मुदत २०१७ च्या दुरुस्तीने ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढविली गेली. पात्रता परीक्षेच्या प्रमाणपत्राची मुदत आरंभी सात वर्षे होती. २०२१ साली ती आजीवन करण्यात आली.

हे सर्व निकष प्रवेशद्वारावरचे आहेत. शिक्षक आत आल्यानंतर त्याचे उत्तरदायित्व त्याच्या मालकाशी असते. सरकारी शाळेत सेवानियमांनुसार, खाजगी शाळेत त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार आणि व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार. शासन शाळांकडून शिक्षकांची माहिती दरवर्षी गोळा करते हे खरे. परंतु ती प्रशासकीय गणना आहे. त्या यादीत नाव असल्याने कोणाला शिकविण्याचा अधिकार मिळत नाही आणि नसल्याने तो जात नाही.

विशेष शिक्षक

दिव्यांग मुलांना शिकविणाऱ्या विशेष शिक्षकांची स्थिती अगदी निराळी आहे. १९८६ साली एक नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेला संसदेने १९९२ साली कायदा करून वैधानिक अधिकार दिले, आणि २२ जून १९९३ पासून ती वैधानिक संस्था झाली. कायद्याने ‘पुनर्वसन व्यावसायिक’ या संज्ञेत श्रवण व वाचा यांचे तज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, कृत्रिम अवयव बनविणारे तंत्रज्ञ यांच्याबरोबर दिव्यांगांच्या विशेष शिक्षकांचाही समावेश केला. या सर्वांसाठी केंद्रीय पुनर्वसन नोंदवही ठेवली जाते.

या कायद्याचे १३ वे कलम महत्त्वाचे आहे. मान्यताप्राप्त पात्रता असून ज्याचे नाव नोंदवहीत आहे, त्याखेरीज अन्य कोणालाही शासनाच्या अथवा स्थानिक प्राधिकरणाच्या संस्थेत असे पद धारण करता येत नाही, किंबहुना भारतात कोठेही हा व्यवसाय करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. उल्लंघनासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा कायद्याने ठेवली. गैरवर्तनाबद्दल नाव काढून टाकण्याची तरतूद आहे. परंतु त्यापूर्वी संबंधिताला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. नोंदणी ठरावीक मुदतीची असून नूतनीकरणासाठी मधल्या काळात मान्य प्रशिक्षणवर्गांना हजेरी लावावी लागते.

येथे ती विसंगती दिसते. एकाच शाळेत, एकाच छपराखाली काम करणाऱ्या दोन शिक्षकांपैकी जो अंध मुलाला ब्रेल शिकवितो त्याला नोंदणीविना शिकविणे हा गुन्हा ठरतो. आणि जी व्यक्ती त्याच मुलाला चाळीस इतर मुलांबरोबर गणित शिकविते तिच्यासाठी नोंदवहीच नाही. ज्या काळात दिव्यांग मुले प्रामुख्याने स्वतंत्र शाळांतून शिकत, त्या काळात ही विभागणी फारशी खटकत नसे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा त्यांत समावेश केला आणि समावेशक शिक्षणावर भर दिला. आता ही मुले सर्वसाधारण वर्गात बसतात, आणि दोन प्रकारच्या शिक्षकांना एकत्र काम करावे लागते.

स्कॉटलंड आणि वेल्स यांचा अनुभव

सर्वसाधारण शिक्षकांची नोंदवही कशी असू शकते हे पाहण्यासाठी ब्रिटनमधील उदाहरणे उपयोगी पडतात. स्कॉटलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर शिक्षकांचा तुटवडा पडला व अपात्र व्यक्तींच्या नेमणुका होऊ लागल्या. त्याविरुद्ध १९६१ साली ग्लासगोच्या शिक्षकांनी संप केला. लॉर्ड व्हीटली यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९६३ साली आला, आणि १९६५ च्या कायद्याने स्कॉटलंडची सर्वसाधारण अध्यापन परिषद स्थापन झाली. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की नोंदणीची मागणी शिक्षकांनीच केली होती. आपल्या व्यवसायाची पत राखण्याचे ते साधन आहे असे त्यांना वाटले.

इंग्लंड व वेल्स येथे अशा परिषदा २००० साली सुरू झाल्या. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इंग्लंडमधील परिषद ३१ मार्च २०१२ रोजी बंद करण्यात आली. शुल्क भरूनही शिक्षकांना तिचा लाभ जाणवत नाही, हा तिच्यावरील एक मुख्य आक्षेप होता. त्यानंतर तेथे अतिगंभीर गैरवर्तनाच्या प्रकरणांची चौकशी शासकीय यंत्रणेकडे गेली.

वेल्सने नेमकी उलट दिशा धरली. २०१४ च्या कायद्यानुसार १ एप्रिल २०१५ रोजी तेथे शिक्षण कर्मचारी परिषद अस्तित्वात आली, आणि १ एप्रिल २०१६ पासून शाळांतील अध्ययन साहाय्यकांनाही, म्हणजे शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली मुलांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही, नोंदणी आवश्यक झाली. २०१७ पासून युवककार्य करणारे व कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण देणारे तिच्या कक्षेत आले, तर २०२३ साली खाजगी शाळांतील शिक्षक व साहाय्यकही. नोंदवही कोणालाही पाहता येते. गैरवर्तन सिद्ध झाल्यास ताकीद, अटींसह नोंदणी, ठरावीक काळ निलंबन आणि प्रतिबंध अशा चार पायऱ्यांची कारवाई होऊ शकते. लहानशा चुकीला आणि घोर अपराधाला एकच दंड नसावा, हे तत्त्व त्यात आहे.

साहाय्यकांचा प्रश्न

वेल्सच्या उदाहरणातील साहाय्यकांचा मुद्दा भारताच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. शहरांतील पुष्कळ शाळांत आज दिव्यांग मुलाजवळ दिवसभर बसणारी एक व्यक्ती दिसते. पालक तिला ‘शॅडो टीचर’ म्हणतात आणि बहुधा तेच तिचे वेतन देतात. सरकारी शाळांतून मदतनीस व काळजीवाहक असतात. मुलाला स्वच्छतागृहात नेणे, भरविणे, घाबरल्यास शांत करणे ही कामे याच व्यक्ती करतात. जे मूल बोलू शकत नाही, ते आपल्याशी कोणी कसे वागले हे घरी सांगू शकत नाही. म्हणजेच जेथे मूल सर्वांत असहाय असते, तेथेच देखरेख सर्वांत सैल आहे. यांपैकी ज्यांनी पुनर्वसन परिषदेचा मान्य अभ्यासक्रम पूर्ण केला त्यांचीच नोंदणी होऊ शकते; उरलेल्यांच्या योग्यतेचा भरवसा केवळ तोंडी शिफारशीवर असतो.

नोंदणीच्या मर्यादा

नोंदणीने सर्व प्रश्न सुटतील असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. नोंदवही अपात्र माणसाला दूर ठेवू शकते. पात्र माणूस निर्माण करू शकत नाही, आणि त्याला पगारही देऊ शकत नाही. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी विशेष शिक्षकांचे प्रमाण सांगितले: प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक व त्यापुढे पंधरांमागे एक. न्यायालयापुढील मुख्य गाऱ्हाणे होते ते असे की नोंदणीकृत विशेष शिक्षक उपलब्ध असूनही त्यांना कायम पदे नाहीत आणि कंत्राटी पद्धतीने काम करावे लागते. ज्याची नेमणूक दरवर्षी संपते, त्याच्याकडून कायद्याने व्यावसायिक शिस्तीची अपेक्षा करावी आणि व्यवसायाची स्थिरता मात्र नाकारावी, हा न्याय नव्हे.

शुल्काचाही प्रश्न आहे. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या मदतनिसाकडून शिक्षकाइतकेच शुल्क घेतल्यास तो नोंदणी टाळेल. अभ्यासक्रम तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले नाहीत तर खेड्यातील अनुभवी मदतनीस कागदाअभावी बाहेर फेकला जाईल आणि मूल एकटे पडेल. खोट्या तक्रारीने एखाद्याचे जीवन उद्ध्वस्त होऊ नये यासाठी निष्पक्ष सुनावणी व अपील यांची सोय असावी लागते. अशी सोय नसलेली नोंदवही शिक्षकांना केवळ दंडुका वाटेल.

राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० याने शिक्षकांसाठी व्यावसायिक मानके ठरविण्यास सांगितले आहे आणि विशेष शिक्षकांची निकड स्पष्टपणे मान्य केली आहे. मानके तयार करणे ही पहिली पायरी होय. ती पाळली जातात की नाही हे कोण पाहणार आणि न पाळणाऱ्याचे नाव कोठे नोंदले जाणार, हे ठरल्यावाचून त्यांना अर्थ राहत नाही. त्यासाठी नवा नमुना दुरून आणण्याची गरज नाही. विशेष शिक्षकांच्या नोंदवहीचा १९९३ पासूनचा अनुभव, तिच्या गुणदोषांसह, देशात उपलब्ध आहे. नोंदणीचे ओझे आज दिव्यांग मुलांच्या शिक्षकांनी एकट्यांनी वाहावे आणि तिचे संरक्षण त्यांच्याच विद्यार्थ्यांना अर्धवट मिळावे, ही स्थिती दीर्घकाळ चालू ठेवण्याजोगी नाही. पालक जेव्हा मुलाचा हात शाळेच्या दारात सोडतो, तेव्हा तो हात ज्यांच्या ज्यांच्या हाती जाणार, त्या सर्वांविषयी विचारण्याचा त्याला अधिकार आहे. आणि त्याला उत्तर मिळेल अशी एखादी वही समाजाने कोठेतरी उघडी ठेवली पाहिजे.